मनगटाची पकड

"हात नको गं, मनगट धर. घट्ट." वृद्धाश्रमातल्या खुर्चीत बसल्या बसल्याच नेटीमावशीने विल्माचं मनगट पकडलं आणि तिला अर्धा फेर फिरवलं. "असं. आता कळलं?"

विल्माला कळलं.

पोर्टकेल्टी या किनाऱ्यावरच्या गावात लग्नकार्यात जो नाच होतो, त्यात जोडीदाराचा हात धरत नाहीत, मनगट धरतात. जुन्या सरदारांची ती तलवारीची पकड, असं सगळं गाव सांगे. शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म काढलेली विल्मा संध्याकाळी तो नाच शिकवी, आणि तीही तेच सांगत आली होती. आज दुपारी गावच्या सभागृहात तसा मजकूर कोरलेली पितळी पाटी लागणार होती आणि नाचाचा इतिहास सांगायचा होता विल्माने. जुन्या कागदांत शोधू गेली तर सरदाराचा कुठे मागमूस लागेना, म्हणून ती सकाळीच इथे धावली होती.

"आम्ही हेरिंग मासे साफ करणाऱ्या पोरी," नेटीमावशी म्हणाली. "सुरीने बोटं कापायची, वरून मीठ झोंबायचं. चिंध्या गुंडाळून काम करायचो. शनिवारी धक्क्यावर नाच. पण हात कोण धरू देणार? आमच्यातल्या बेला मेअरने मनगट धरलं. सगळा नाच तिनेच बसवला."

"मग हे सांगायलाच हवं, मावशी."

"अजिबात नाही. आमच्या अंगाला वास येतो म्हणून बसमध्ये शेजारी कोणी बसत नसे. त्यांचा सरदार त्यांना लखलाभ. वचन दे मला."

विल्माने दिलं. पण सभागृहाच्या पायऱ्या चढताना ती मनातल्या मनात वाक्यं जुळवत होती. खोटं बोलवेना, खरं सांगवेना. नाव पुकारलं तेव्हा ती उभी राहिली.

"पाटी चुकीची आहे," ती कशीबशी म्हणाली. "हा नाच सरदारांचा नाही. कुणाचा ते मला माहीत आहे. पण सांगता येत नाही."

"सांगता येत नाही?" समितीचा अध्यक्ष हेक्टर इम्लाक खुर्चीतूनच म्हणाला. "विल्मा, अगं हा इतिहास आहे, शेजारणीची कुजबुज नव्हे."

लोक हसले. तिने शिकवलेल्या मुलीही हसल्या. पाटी लागली. चहा न घेताच विल्मा घरी गेली, आणि रात्रभर तिच्या कानात ते हसू घुमत राहिलं.

दुसऱ्या दिवशी नेटीमावशीला परिचारिकेकडून सगळं कळलं होतं.

"हसले म्हणे तुला."

"थोडेसे."

"आणि तू गप्प राहिलीस?"

"वचन दिलं होतं ना."

म्हातारीने पुन्हा तिचं मनगट धरलं. "रविवारी त्या हेक्टरला घेऊन ये," ती म्हणाली. "आणि तू जरा आधी ये. माझे केस नीट करायचेत."

हेक्टर आला. टोपी काढून दारातच अवघडून उभा राहिला, मग त्याने हस्तांदोलनासाठी हात पुढे केला. नेटीमावशीने तो घेतला नाही. मांडीवरची शाल बाजूला सारून तिने आपले दोन्ही हात त्याच्यासमोर उताणे पसरले. बोटं पुरती सरळ होत नव्हती.

"हा कामाच्या पहिल्या आठवड्यातला," सुरीच्या एका पांढुरक्या वणावर अंगठा टेकवत ती म्हणाली. "बस. वेळ लागेल."

हेक्टरने खुर्ची जवळ ओढली.