सांगलीच्या हॉटेलातली पुरीभाजी

चंद्राबाईच्या पोटात दुखायला लागलं ते संक्रांत झाल्यावरच्या एका बुधवारी, आणि त्यावर ओवा-बडीशेपेचा काही उपयोग होण्यासारखा नव्हता. दुखणं हिच्या पोटात असलं तरी त्याचं मूळ धाकट्या जावेच्या तोंडात होतं.

ही धाकटी जाऊ म्हणजे मनुबाई. तिचा नवरा लालासाहेब लढाईवरून परत येऊन वर्ष होत आलं होतं. इजिप्त पाहिलेला, इटली पाहिलेला गडी. त्याला उंब्रजच्या चालीरीती आता जरा तोकड्याच पडायच्या. बायकोचे डोळे दुखत होते म्हणून त्यानं तिला मिरजेला डॉक्टरकडे नेलं. येताना सांगलीत मोटारीला वेळ होता, भूक लागली होती, तर या पठ्ठ्यानं बायकोला चक्क हॉटेलात नेलं! त्या आळीतल्या एकाही बाईनं तोवर हॉटेलाची पायरी चढली नव्हती. बाप्ये चढले असतील, तेही सिंगल चहापुरते.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर मनुबाईभोवती ही गर्दी! घागरी भरून वाहायला लागल्या तरी बायका हलेनात.

"फ्यामिली रूम म्हंत्यात त्येला," मनुबाई सांगत होती. "पडदा सोडला की आत आपुन नि आपला मालक. टेबल कसलं, गुळगुळीत पांढरं दगडाचं. डोस्क्यावर पंखा गरागरा फिरतोय. पुरीभाजीच्या दोन प्लेटा आल्या. ह्ये हिकडं, मी तिकडं."

"म्हंजी दाल्ल्याच्या म्होरं बसून खाल्लंस?" शेजारच्या रंगुबाईनं हनुवटीला बोट लावलं.

"मग काय पाठ करून खाऊ? समोरासमोर बसल्यालो की."

"बया, बया, बया!"

चंद्राबाईनं घागर अशी काही आपटली की काठाला पोचा आला. "लाज न्हाई वाटली?" ती म्हणाली. पण खरं सांगायचं तर लाजेशी तिला काही देणंघेणं नव्हतं. तिला झोंबलं होतं ते 'समोरासमोर'.

सोळा वर्षं झाली तिच्या लग्नाला. या सोळा वर्षांत नवऱ्याच्या समोर बसून तिनं एक घास खाल्ला असेल तर शपथ. त्या घरची रीतच तशी. आधी बाप्ये जेवणार, बाई वाढणार. बाप्या हात धुऊन उठला की बाईनं त्याच्याच ताटात आपलं वाढून घ्यायचं. हंबीरराव, म्हणजे तिचा नवरा, ताटात कायम काहीतरी ठेवून उठायचा. अर्धी भाकरी, कोरड्यासाचा घास. कधी सणाची पोळी असली तर अर्धी पोळी. त्यात तिला कधी वावगं वाटलं नव्हतं. आता मात्र वाटायला लागलं. रोज ती भाकरी घशाखाली उतरताना तिला पांढरं टेबल दिसायचं, आणि पलीकडे नवऱ्याकडे बघत पुरी मोडणारी मनी. मनी! जिला या घरात येऊन चार वर्षं झाली नाहीत, जिला अजून भाकरी नीट थापता येत नाही, ती आधी हॉटेलात जेवून आली. आणि थोरली बसली चुलीपुढे डोळे चोळत. मग तिचेही डोळे दुखत नव्हते का? पण तिला कोण नेतंय मिरजेला!

मत्सराचं एक असतं. सांगता येत नाही, आणि सांगितल्याशिवाय राहवतही नाही. एक दिवस तिनं विहिरीवरच सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगून टाकलं, "औंदा हळदीच्या बाजाराला मीबी जाणार सांगलीला. मालक म्हणाल्यात, हाटेलात जेवू." मालक काहीसुद्धा म्हणाले नव्हते. मालकांना यातलं कशाचाच पत्ता नव्हता.

पण आता बोलून बसली होती. आळीभर झालं. रंगुबाई येता-जाता विचारायला लागली, "कवा निगायचं मग सांगलीला?" मनुबाई काही विचारायची नाही, नुसती हसायची. त्या हसण्यानं चंद्राबाईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आता गेली नाही तर जन्मभर त्या विहिरीवर मान वर करायची सोय उरली नव्हती.

म्हणून मग तिनं नवऱ्याची पाठ धरली. हंबीरराव मोजकं बोलणारा माणूस. आधी म्हणाला, "बाजारात बाईमाणसाचं काय काम?" मग म्हणाला, "बघू." चैत्र लागला, हळद शिजवून वाळवून पोत्यात भरली, तरी त्याचं 'बघू' संपेना. शेवटी एका रात्री चंद्राबाई चुलीपुढे मुसमुसत बसली, तेव्हा तो दारात उभं राहून म्हणाला, "आगं, रडतीस कशापायी? चल की. हाटेलातबी जाऊ. त्यात काय एवढं?"

पोती आदल्या दिवशी लॉरीनं पुढं गेली. ही दोघं झुंजुमुंजूच्या मोटारीनं निघाली. चंद्राबाईनं इरकली लुगडं काढलं होतं, नाकात नथ घातली होती. निघताना मनुबाईनं तांब्या भरून चहा आणला तर तिनं तो हातानं सारला. "नगं. हाटेलात जेवायचंय," म्हणाली. उंब्रजपासून सांगलीपर्यंत पाण्याच्या घोटाखेरीज तिनं तोंडात काही घातलं नाही. म्हणजे भूकसुद्धा तिनं हॉटेलासाठी जपून ठेवली होती, आता बोला!

सांगलीच्या पेठेत हळदीचा सौदा चालला होता. रुमालाखाली व्यापाऱ्यांची बोटं बोटांना भाव सांगत होती आणि हवेत असा भुकटा उडाला होता की माणसांच्या पापण्या पिवळ्या दिसाव्यात. चंद्राबाई अडत्याच्या ओट्यावर दोन तास बसून राहिली. कुणी पाणी विचारलं, कुणी तेही नाही. तिचं लक्ष कुठं होतं तिकडं! रस्त्यापलीकडच्या एका पाटीकडे ती बघत होती. वाचता येत नव्हतं, पण आतून तळणाचा वास येत होता.

दुपार कलल्यावर हंबीरराव मोकळा झाला आणि तिला तिथंच घेऊन गेला. मनुबाईनं सांगितलं होतं तसं सगळं होतं. पडदा होता, पांढरं टेबल होतं, पंखा मात्र कुरकुरत होता. चंद्राबाई खुर्चीच्या कडेला टेकली. मांडी घालायची सवय, पाय कुठं ठेवावेत ते कळेना. पण समोर नवरा होता. पटका काढून मांडीवर ठेवून, उगाच खाकरत बसलेला. तिला वाटलं, झालं, आलो आपण एकदाचं.

एक मिशाळ वाढपी पडदा सारून आत आला. "काय आणू?"

"पुरीभाजी आण," हंबीरराव म्हणाला.

"दोन प्लेट?"

"एकच आण. आमचं एकातच असतंय."

एकच! 'दोन म्हणा की वो' हे शब्द अगदी चंद्राबाईच्या दातापर्यंत आले, पण परक्या बाप्याच्या देखत नवऱ्याचा शब्द मोडायचा कसा? वाढपी गेला. हंबीररावाला त्यात काही चुकलं असं वाटलंच नव्हतं. घरी असतं तसंच त्यानं इथं केलं होतं. आणि तोच तर तिच्या जिवाला घोर होता. सोळा वर्षं चूल फुंकून, चार महिने रडून, पंचवीस कोस येऊन शेवटी काय, तर पुन्हा मागनं खायचं! आणि मनीला अख्खी प्लेट. मनीला समोरासमोर.

प्लेट आली तशी तिनं पदर पुढं ओढला आणि खुर्चीवरच भिंतीकडे वळून बसली. नवरा जेवताना त्याच्या तोंडाकडे बघायचं नाही ही रीत होतीच, पण आज रीतीपेक्षा रागच जास्त होता. पाठीमागं पुरी मोडल्याचा आवाज आला. मग थोड्या वेळानं खुर्ची सरकली.

"मी हात धुऊन येतो. तू बस जेवत सावकाश," हंबीरराव म्हणाला आणि बाहेर गेला.

फुगलेल्या माणसाला लगेच वळता येत नाही. चंद्राबाईनं ठरवलं, अजून जरा बसू अशीच. तेवढ्यात पडद्याच्या कड्या वाजल्या. परकं माणूस आत आलंय असं जाणवून तिनं पदर आणखी खाली ओढला. टेबलावर फडक्याचा सपसप आवाज झाला, पडदा पुन्हा पडला आणि ती वळली.

टेबल लख्ख पुसलेलं. प्लेट नाही. वाढप्याला काय ठाऊक यांच्या घरची रीत? बाप्या हात धुवायला गेला, बाई तोंड फिरवून बसली, म्हणजे जेवण झालं. घेऊन गेला बिचारा.

ती तशीच बसून राहिली. हाक मारावी? काय म्हणून हाक मारायची? माझ्या नवऱ्याचं उष्टं परत आण म्हणून? शेजारच्या पडद्याआड कुणी शहरी बाई खिदळत होती. तिनं ऐकलं तर? हंबीरराव बाहेर गल्ल्यापाशी ओळखीच्या अडत्याशी बोलत उभा होता. तो बराच वेळानं आला.

"झालं व्हय?" रिकाम्या टेबलाकडे बघून तो हसला. चारचौघांत असा हसणारा माणूस नव्हे तो. "भूक लागली हुती म्हण की चांगली. आता तरी जिवाला गार वाटलं?"

सांगितलं असतं तर त्यानं दुसरी प्लेट मागवली असती, चार मागवल्या असत्या. पण घरी गेल्यावर गंमत म्हणून धाकट्या भावाला सांगितलंही असतं. मग लालासाहेब मनीला सांगणार. मग मनी तोंडाला पदर लावून हसणार. आणि मग विहीर!

"झालं," चंद्राबाई म्हणाली.

परतीच्या मोटारीत तिच्या पोटात कावळे कोकलत होते आणि डोक्यात त्याहून मोठ्यानं मनी हसत होती. नवऱ्याचा असा राग आला होता की दोघांच्या मध्ये तिनं गाठोडं ठेवलं. कराडला मोटार बदलताना त्यानं विचारलं, "शेंगा घ्यू का?" तर ती "पोट भरलंय" म्हणाली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

घरी पोचली तेव्हा दिवेलागण होत होती. अंगणात रंगुबाई आधीच येऊन बसली होती. तिच्या घरी जणू चूलच नव्हती. लालासाहेब बाजेवर, मनुबाई उंबऱ्यात.

"काय, जेवलासा हाटेलात?" रंगुबाईनं पाय धुवायचीसुद्धा उसंत दिली नाही.

"जेवले की," चंद्राबाई म्हणाली. "पुरीभाजी. पंखा, पडदा, समदं."

"समोरासमोर?"

ती उत्तर जुळवत होती तेवढ्यात हंबीरराव पटका खुंटीला लावून मागं वळला. "मने, भाकरी हाय का गं? लय भूक लागलीया."

लालासाहेब हसायला लागला. "दादा, हाटेलात जेवून आलासा न्हवं? आन भाकरी कसली मागताय?"

"कुठलं रं जेवून! पाच तर पुऱ्या हुत्या. एक खाल्ली नि उठलो." हंबीररावानं चंद्राबाईकडे न बघताच सांगितलं, "हिनं चार म्हयनं ध्यास घेतलेला. म्हटलं, पोटभर खाऊ दे. चारबी खाल्ल्या, ताट निर्मळ केलं बघ. मला गड्या बरं वाटलं."

रंगुबाईचं तोंड उघडं ते उघडंच. चंद्राबाईनं मनातल्या मनात मोजलं. चार? ती पाठ करून बसली होती, धुमसत होती, आणि हा उपाशी माणूस चार पुऱ्या तिच्यासाठी मागं ठेवून उठला होता!

आत चुलीपाशी मनुबाई भाकरी काढत होती. चंद्राबाई मागोमाग गेली. चुलीच्या उजेडात तिला धाकटीचं तोंड दिसलं. हसू नव्हतं त्यावर. हिरमुसलेलं, जळणारं तोंड होतं ते. गेले चार महिने हे तोंड आपलं होतं, चंद्राबाईनं लगेच ओळखलं.

"तुमचं नशीब मोठं, आक्का," मनुबाई म्हणाली. "आमच्यांनी दोन प्लेटा मागविल्या खऱ्या. पर आपली संपवली नि माझ्यातल्या दोन पुऱ्या उचलल्या. म्हणालं, तुला जायच्या न्हाईत. मला जात हुत्या की वो." तिनं नाक ओढलं. "माझ्यासाठी कुणी कवा एक घास मागं ठेवला न्हाई. तुमाला चार!"

हेच ऐकायचं होतं चंद्राबाईला. याच एका वाक्यासाठी ती रडली होती, खोटं बोलली होती, सांगलीपर्यंत जाऊन आली होती. आता ते ऐकायला मिळालं, आणि जिभेवर राखेसारखं लागलं. त्या चार पुऱ्या सांगलीत कुठल्या बादलीत पडल्या असतील कुणास ठाऊक. बाहेर नवरा समाधानानं लालासाहेबाला हळदीचा भाव सांगत होता. तिला एकदम हुंदका फुटला.

"आक्का? आवं, काय झालं?"

चंद्राबाई चुलीपुढे मटकन खाली बसली. नथ काढून तिनं मुठीत धरली.

"मने," ती म्हणाली, "त्यांना भाकरी वाढ. मलाबी वाढ एक. सकाळधरनं उपाशी हाय मी. पर त्यांना कळू दिऊ नगंस."