आडवे शिपाई

"मोठी टेकडी कुठं गेली गा?" वामनरावानं टेबलाकडे बघत विचारलं.

मोठी टेकडी म्हणजे तुरीच्या डाळीचं अर्धं पोतं. माझी बायको गोपिका होती तेव्हा घरात तेवढी डाळ असायचीच. आता मी दुकानातून पाव किलो आणतो. मी आतून उशी आणून ठेवली. वामनरावानं ती दाबून बघितली.

"ह्याच्यावर तोफ चढवली तं झोपून जाईन."

"झोपली तं झोपली. चढव तू."

आम्ही सीताबर्डीची लढाई मांडत होतो. १८१७ सालची, भोसल्यांची आणि इंग्रजांची. वामनराव शाळेत इतिहास शिकवायचा, मी छापखान्यात कंपोझिटर होतो. छापखान्यातले झिजलेले खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, विकत घेऊन मी ते वितळवले आणि साच्यात ओतून बोटाएवढे शिपाई केले. सव्वाशेच्या वर होते. रंग गोपिकानं दिले. भोसल्यांचे अरब शिपाई, इंग्रजांचे घोडेस्वार, सगळ्यांचे डोळेसुद्धा तिनंच काढले. अकरा वर्षं दर रविवारी आम्ही खेळलो. कोण मेला हे कवड्या टाकून ठरायचं. वामनराव नेहमी भोसल्यांकडून लढायचा आणि बहुतेक वेळा हरायचा. मग मला म्हणायचा, तू तं कंपनी सरकारचाच माणूस.

गोपिका आजारी पडली तेव्हा खेळ बंद झाला. ती गेली त्यालाही आता वर्ष होऊन गेलं. वामनराव दिवाळीनंतर कळमेश्वरला मुलाकडे राहायला जाणार होता. जायच्या आधी पुन्हा मांडू, असं तो तीनदा येऊन म्हणाला. तिन्ही वेळा मी नाही म्हटलं. डोळ्यांना दिसत नाही, शिपायांचे रंग उडाले, असं काहीतरी सांगितलं. चौथ्यांदा मला कारण सुचलं नाही.

मग आठवडाभर तयारी केली. माळ्यावरून शिपायांचा डबा काढला, नियमांची वही शोधली. मैदानासाठी गोपिकाचं जुनं हिरवं लुगडं होतं. तिच्या बहिणीनं, सिंधूताईनं, बाकीची लुगडी वाटून टाकली तेव्हा हे मी मागून घेतलं होतं. हे खेळातलं आहे म्हटलं. ते टेबलावर अंथरलं तेव्हा एका टोकाला हळदीचा डाग दिसला. ते टोक मी खाली दुमडलं.

चारच्या सुमारास खेळ सुरू झाला. वामनरावाच्या अरबांनी लहान टेकडी घेतली. तो खूश होता. माझं लक्ष खिडकीकडे होतं.

गोपिकाचा एक नियम होता. तिन्हीसांजेला घरात कोणी आडवं पडलेलं तिला चालायचं नाही. मी ताप अंगात घेऊन पडलो असलो तरी ती मला उठवून बसवायची, दिवा लावायची, मग पुन्हा झोपा म्हणायची. शिपायांनाही तोच नियम. दिवा लावायच्या आधी ती टेबलापाशी यायची आणि मेलेले सगळे उभे करायची. वामनराव कुरकुरायचा.

"वहिनी, मेलेले उठवता तं लढाई संपन कशी?"

"पुढच्या रविवारी मारा पुन्हा," ती म्हणायची.

म्हणून आमची लढाई एका दिवसात कधी संपली नाही. कोण कुठं मेला हे वामनराव वहीत लिहून ठेवायचा.

आता उजेड कमी झाला. हिरव्या लुगड्यावर वीसेक शिपाई आडवे होते. वामनरावानं कवड्या माझ्यापुढे सरकवल्या. मी त्या उचलल्या नाहीत.

"काय झालं गा?"

"दवाखान्यात शेवटच्या दिवशी तिनं मले म्हटलं, दिवे लागले, मले बसवा. मी सकाळपासून उभा होतो. म्हटलं, पडून राय वं, डॉक्टरनं सांगतलं आहे." मी कवड्या बाजूला सरकवल्या. "डॉक्टरनं काही सांगतलं नव्हतं. मी थकलो होतो. मी तिले बसवलं नाही, वामनराव."

तिनं तेव्हा भिंतीकडे तोंड केलं होतं. पहाटे ती गेली. वामनरावाला ते माहीत होतं.

मग त्यानं वही ओढली, पेन्सिल काढली आणि पडलेल्यांच्या जागा लिहायला लागला. लिहून झाल्यावर त्यानं आपल्याकडचा पहिला अरब उभा केला. मग दुसरा. मीही माझे घोडेस्वार उचलायला लागलो. दोन शिपाई त्याच्या हातून पुन्हा पडले, ते त्यानं पुन्हा उभे केले.

शेवटी एक अरब राहिला. त्याच्या पायाखालची पट्टी तुटली होती. मी दोनदा ठेवून बघितला, तो पडला.

"राहू दे, तुटला तो," वामनराव म्हणाला.

मी त्याला दोन बोटांत उभं धरलं.

वामनराव उठून देवापाशी गेला. काडेपेटी कुठे असते हे त्याला विचारावं लागलं नाही. तिकडूनच त्यानं सांगितलं की कळमेश्वरहून दर रविवारी सकाळची बस आहे, वही तो इथंच ठेवून जाईल. मी हो म्हटलं. दिवा लागला. वात नीट धरेपर्यंत तो तिथंच उभा राहिला आणि मी टेबलापाशी, तो अरब तसाच धरून.