नलिनी सावंतचं व्याज

सरकारनं त्या साली इन्कमटॅक्सची हद्द खाली ओढली आणि लालबागच्या राणे कुटुंबात एकच माणूस तिच्यात सापडलं. धाकटी सून कौसल्या. परळच्या इस्पितळात ती सिस्टर होती. नवरा वसंत हिंदमाताच्या दुकानात गिऱ्हाइकांपुढे लुगडी उलगडायचा. मोठा दीर नाना कचेरीत कारकून. दोघांच्याही पगाराला टॅक्सवाल्यांनी विचारलं नसतं. तरी घरात हुकूम नानाचा. सुनेनं कमवावं आणि दिरानं मोजावं, याची आमच्याकडे कुणाला लाज वाटत नाही.

"कौसल्या, फॉर्म माझ्याकडे दे. मी भरतो. तू नुसती सही ठोक," नाना म्हणाला.

"देते हं," ती म्हणाली, आणि दिला नाही.

फॉर्मात बँकेच्या व्याजाचा रकाना होता. लग्नाआधीचं तिचं एक खातं गिरगावातल्या बँकेत होतं, नलिनी रामजी सावंत या नावानं. बोहल्यावरून उतरल्यावर वसंतनं ताटातल्या तांदळात अंगठीनं 'कौसल्या' लिहिलं आणि नलिनी सावंत त्या दुपारी संपली. बँकेला कुणी कळवलं नाही. ते पैसे धाकट्या बहिणीसाठी राखलेले. शकू जूनमध्ये नर्सिंगला लागायची होती. तिची अनामत, पुस्तकं, गणवेश, सगळं त्यातून. नानाला वास लागला असता तर त्याच्या पोरीच्या लग्नाचा मांडव त्याच पैशांत उभा राहिला असता, आणि शकू सावंतवाडीला चूल फुंकत बसली असती.

व्याज लपवावं, तर फॉर्मच्या तळाशी धमकी छापलेली: खोटी माहिती दिल्यास शिक्षा. नोकरी गेली की शकूचंही गेलं.

शेवटी तिनं स्वतःच फॉर्म भरला, बँकेचं व्याजाचं पत्र जोडलं आणि सुटी काढून टॅक्सच्या कचेरीत गेली. खिडकीतल्या कारकुनानं चष्मा वर केला.

"बाई, फॉर्म कौसल्या राणेचा. व्याज नलिनी सावंतचं. ही कोण?"

"मीच."

"कशावरून?"

"अहो, दुसऱ्या बाईच्या व्याजावर मी कर भरीन का?"

त्याला हसू आलं. "खरंय. पण कागदाला कागद लागतो. नवऱ्याकडून लिहून आणा, दोन्ही नावं एकाच बाईची म्हणून."

आपण कोण हे बाईनं सांगून चालत नाही. ही बाई रोज मरणाऱ्यांना खेचून परत आणते, पण ती जी आहे तीच आहे, याला साक्ष लागते लुगडी विकणाऱ्याची!

चाळीत बोलायची सोय नव्हती. देवाचं निमित्त काढून ती वसंतला प्रभादेवीला घेऊन निघाली आणि वाटेत सगळं सांगून टाकलं. वसंत रस्त्यातच थांबला.

"चार वर्षं झाली लग्नाला. आज सांगतेस?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

"नवऱ्यापासून चोरून खातं, आणि सही मात्र नवऱ्याची! वा! नानाला कळलं तर माझं तोंड कुठे लपवू?"

"तुम्ही सांगितलंत तरच कळेल."

"म्हणजे मीपण चोर व्हायचं?"

मग मात्र तिचा तोल गेला. "मुंबई आपली म्हणून तुम्ही मोर्च्यात लाठी खाल्लीत. पाठीवरचा वळ मी शेकला. मुंबई न विचारता दुसऱ्याच्या पदरात घालायला निघाले, तर तुमचं रक्त उकळतं. माझं नाव पुसलंत, तेव्हा मला कुणी विचारलं होतं?"

वसंत चालू लागला. देवळाशी चपला काढताना पुटपुटला, "कौसल्या मी नाही गं ठेवलं. नानानं कानात सांगितलं, मी लिहिलं."

"मग आता स्वतःच्या मनानं चार ओळी लिहा."

तिनं पर्समधून कागद आणि पेन काढलं. कट्ट्यावर बसून, मांडीवर पर्स ठेवून त्यानं लिहिलं. सही केली. पेन परत देताना विचारलं, "शकू कधी येतेय? दुकानात पांढऱ्या पातळांचे तुकडे स्वस्तात मिळतात. बघून ठेवतो."

देवळात तिनं हात जोडले, पण मागायचं काही उरलंच नव्हतं.

कचेरीत कारकुनानं कागद वाचला, शिक्का मारला, आकडे मांडले.

"या व्याजापायी तुमचा कर किती वाढला सांगू? सहा आणे. नव्या हिशेबात सदतीस पैसे."

"एवढंच?"

"मग काय, जप्ती आणू?"

ती तिथंच, रांगेतल्या पुरुषांसमोर, पदर तोंडाला न लावता खदाखदा हसली.

संध्याकाळी नानानं विचारलं, "फॉर्मचं काय झालं? आण, भरून टाकू."

"भरला मी. देऊनही आले."

"तू? आणि चुकलीबिकली असलीस तर?"

"नाही चुकली," वसंत शर्ट काढता काढता म्हणाला. "नलू, चहा टाक गं. नानालापण."

"नलू?" नाना खेकसला. "घरात ठेवलेलं नाव काय वाईट होतं?"

"वाईट नव्हतं, नाना. तिचं नव्हतं."

आत स्टोव्ह पेटला. साखर महाग झाली होती, तरी नलूनं आधणात एक चमचा जास्तीची घातली.