तांबड्यापलीकडचा थर्मामीटर

"अहो, हात लावू नका," शैला स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, पण तोवर रघुवीरांचा हात लावून झाला होता.

ते मागच्या बागेत एका पुठ्ठ्याच्या खोक्यावर ओणवे झाले होते. खोक्याच्या कडेला काचेचा लोलक बसवलेला होता. त्यातून येणाऱ्या उन्हाचा सप्तरंगी पट्टा तळाच्या पांढऱ्या कागदावर पडला होता आणि त्या पट्ट्यात तीन थर्मामीटर होते. दोन मिनिटांचे आकडे लिहून होताच पेन्सिलीचं टोक मोडलं म्हणून शैला पेन आणायला आत गेली, तेव्हा पट्ट्यात दोनच होते. एक निळ्यात, एक पिवळ्यात. तिसरा तिने तांबडा रंग संपतो त्याच्याही पलीकडे, जिथे कागदावर काहीच दिसत नाही तिथे, मुद्दाम ठेवला होता. आता तोही तांबड्यात येऊन बाकी दोघांच्या शेजारी सारखं अंतर सोडून शिस्तीत झोपला होता.

"बाहेर घसरला होता तो," रघुवीर म्हणाले. "मी नीट केला."

शैलाने उत्तर द्यायच्या आधी वर पाहिलं. गेले पाच दिवस कार्डिफवर करड्या गोधडीसारखं पसरलेलं आभाळ आज अकराला दहा कमी असताना फाटलं होतं. तिने धावत थर्मामीटर परत अंधारात सरकवला. तो सरकवेपर्यंत ढग आला आणि कागद पुन्हा कोरा झाला.

"घसरला नव्हता," ती म्हणाली. "प्रयोगच तो होता. सगळा प्रयोग त्या एका थर्मामीटरचा होता."

"मग तसं सांगायचंस ना."

"सोमवारी सांगितलं, मंगळवारी सांगितलं. काल तुम्ही 'हं' म्हणालात."

रघुवीरांनी तीस वर्षं कौन्सिलच्या रस्तेविभागात काढली होती. रस्त्यावरच्या तिरक्या पाट्या आणि हललेली झाकणं हुडकून नोंदवायची, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर तिरकं हुडकायला त्यांच्याकडे फक्त घर उरलं होतं. दुसऱ्याच्या घरात भिंतीवरचा फोटो सरळ करणारा हा माणूस शैलाने चाळीस वर्षं सहन केला होता. आज मात्र तिच्या डोक्यात तिडीक गेली.

कारण आज गुरुवार होता आणि दुपारी बारापर्यंत तिला असाइनमेंट पाठवायची होती. बासष्टाव्या वर्षी घरबसल्या खगोलशास्त्र शिकायला घेतलेली ही बाई वर्गात सगळ्यांत मोठी होती. खूळ शिरलं ते एका चित्रावरून. अवकाशातल्या दुर्बिणीने टिपलेले तपकिरी धुळीचे खांब आणि त्यांच्या पोटात लुकलुकणारे तारे तिने फोनवर पाहिले आणि जेवायची विसरली. मग पहिल्याच महिन्यात शिक्षिकेने सांगितलं, की तो प्रकाश आपल्या डोळ्यांना दिसत नाही, चित्रातले रंग माणसांनी नंतर दिलेले असतात. शैला भलतीच वैतागली. म्हणजे हेही शिजवलेलंच? शिक्षिका म्हणाली, रंग दिलेले आहेत, पण त्याखालचे आकडे कुणीतरी खरोखर मोजलेले आहेत. या उत्तरावर शैला टिकून राहिली.

मोजणं या गोष्टीशी तिचं जुनं दुखणं होतं. नागपूरला बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेत अर्धी उपकरणं बंद आणि उरलेली मुलांच्या घोळक्यात. मुलींनी आदल्या वर्षीचं जर्नल समोर ठेवून रीडिंग्ज उतरवायची, उत्तराकडून उलटं गणित करत एखादा आकडा थोडा बिघडवायचा, म्हणजे खरा वाटतो, आणि सरांची सही घ्यायची. शैलाला प्रॅक्टिकलमध्ये पन्नासपैकी अठ्ठेचाळीस मिळाले होते. गॅल्व्हानोमीटरचा काटा हलताना तिने एकदाही पाहिला नव्हता. मग लग्न, मग वेल्स, मग एका हॉस्पिटलच्या रेकॉर्ड्स खात्यात एकोणतीस वर्षं. इतरांनी घेतलेले ताप, इतरांनी मोजलेले रक्तदाब ती फायलींमधून स्क्रीनवर चढवत राहिली. आयुष्यभरात लाखभर आकडे तिच्या हातून गेले असतील. त्यांतला एकही तिने स्वतः घेतलेला नव्हता.

म्हणून हा प्रयोग तिला स्वतःच्या हाताने करायचा होता. उष्णता नीट शोषली जावी म्हणून थर्मामीटरचे पाऱ्याचे फुगे काळे करायचे होते, पण मार्कर काचेवर टिकेना. तेव्हा तिने तुपाचा दिवा लावून त्यावर फुगे धरले, तिची आई तान्ह्या बाळांसाठी वाटीवर काजळ धरायची तसे. काजळी छान धरली. स्मोक अलार्मही छान बोंबलला आणि रघुवीर टॉवेल फडकावत खुर्चीवर चढले. शेजारच्या बाईंना वाटलं, घरात पूजा आहे.

अकरा वीसला नीनाचा फोन आला. मुलगी लंडनजवळ मेडनहेडला राहते आणि दोन मीटिंगांच्या मध्ये, इंग्रजाळलेल्या मराठीत, आईला सांभाळते.

"आई, तू अजून सबमिट नाही केली?"

"ऊन नाही."

"ओके, लिसन. सेम एक्स्पेरिमेंटचा रीडिंग्ज ऑनलाइन आहेत. मी तुला लिंक पाठवला आहे. थोडे चेंज कर आणि पाठव. कोण चेक करणार आहे?"

"नीना, तुझी ट्रेन रोज स्लॉवरून जाते ना?"

"हो. व्हाय?"

"तिथे सव्वादोनशे वर्षांपूर्वी विल्यम हर्शेल नावाच्या माणसाने हाच प्रयोग केला. रंगाबाहेरचा थर्मामीटर त्याने फक्त तुलनेसाठी ठेवला होता. तोच सगळ्यांत जास्त चढला. न दिसणारा प्रकाश सापडला तो असा."

"आई, तो ब्रिलियंट होता. तुला फक्त पास व्हायचं आहे."

"त्याला कुणी लिंक पाठवली नव्हती," शैला म्हणाली आणि फोन ठेवला.

रघुवीर दारात उभे होते. चूक झाली आहे हे त्यांना कळलं होतं, पण ती कबूल करण्याऐवजी ते मदत करू लागले. हा त्यांचा आणखी एक जुना रोग.

"सावलीत अकरा अंश आहे ना? मग निळ्यात बारा, पिवळ्यात तेरा, तिसऱ्याला साडेपंधरा लिही. येणार तेवढंच आहे. कॉलेजात आपण दुसरं काय करायचो?"

"हेच करायचो," शैला म्हणाली. "म्हणून तर."

"एका आकड्यासाठी सहा महिन्यांची मेहनत घालवशील?"

"तो आकडा तुम्ही घालवलात. मी नाही."

तिला बोलल्याचं वाईट वाटलं, पण मागे घ्यावंसं वाटलं नाही. खरं होतं ते.

पावणेबारापर्यंत ती खोक्याजवळ बसून राहिली. आकाश ढिम्म. मग ती आत येऊन लॅपटॉपसमोर बसली. तक्त्यात नेटवरचे आकडे भरायला अर्धं मिनिट लागलं असतं. नीनाची लिंक उघडीच होती. रघुवीरांचे आकडेही डोक्यात होते: निळा बारा, पिवळा तेरा, पलीकडचा साडेपंधरा. तिने कर्सर तिसऱ्या रकान्यात नेला आणि बराच वेळ तो तिथे लुकलुकू दिला. रघुवीर मागून पाहत होते, श्वाससुद्धा जपून घेत. शेवटी तिने दोन मिनिटांपर्यंतची खरी रीडिंग्ज भरली. तेव्हा तिन्ही थर्मामीटर साडेअकरा अंशांच्या आसपास घुटमळत होते, त्यांवरून काहीही सिद्ध होत नव्हतं. खालचे सगळे रकाने तिने रिकामे ठेवले आणि एक ओळ इंग्रजीत टाइप केली: तिसरा थर्मामीटर दुसऱ्या मिनिटानंतर जागचा हलवला गेला, नंतर ढग आले, निष्कर्ष काढता येत नाही.

"कुणी हलवला ते नाही लिहिलंस," रघुवीर म्हणाले.

"त्यांना काय करायचंय तुमच्याशी."

अकरा चोपन्नला तिने बटण दाबलं. सहा महिने झटून पाठवलेल्या पानावर मधोमध मोठी मोकळी जागा होती. सव्वाबारा वाजून गेल्यावर तिने कुकर लावला.

साडेबाराला स्वयंपाकघराच्या ओट्यावर ऊन पडलं.

तिला आधी रागच आला. तासभर आधी यायला काय झालं होतं या उन्हाला? मग तिने गॅस बंद केला, वही उचलली आणि बागेत गेली. लोलक फिरवला, पट्टा पुन्हा उमटला. निळ्यात एक. पिवळ्यात एक. तिसरा तांबड्याच्या पलीकडे, कोऱ्या कागदावर.

"आता कशाला?" रघुवीर मागून आले. "पाठवलंस ना?"

"उभं राहायचं असेल तर हात मागे बांधा."

त्यांनी बांधले. संग्रहालयातल्या पेटीसमोर उभं राहावं तसे ते उभे राहिले आणि सावली पडू नये म्हणून आपण होऊन एक पाऊल मागे सरकले. शैला दर मिनिटाला आकडे लिहीत गेली. निळा अर्ध्या अंशाने चढला आणि थांबला. पिवळा एकाने. जिथे काहीच दिसत नव्हतं तिथला पारा मात्र चढतच होता, सावकाश, कुणाला न विचारता. सातव्या मिनिटाला त्याने पिवळ्याला केव्हाच मागे टाकलं होतं.

"साडेपंधरा," रघुवीर हळूच म्हणाले. "मी म्हटलं नव्हतं?"

"चष्मा पुसा. सव्वापंधरा आहे."

तिने सव्वापंधरा लिहिलं. पानाच्या तळाशी, जुन्या सवयीने, सरांच्या सहीसाठी तिने सकाळीच एक रेघ मारून ठेवली होती. रघुवीर त्या रेघेकडे पाहत होते. त्यांचे हात मागेच होते.

मग पुन्हा ढग आला. प्रयोग संपला होता, पान आता कुणाला पाठवायचं नव्हतं आणि आत कुकरमधला भात अर्धवट राहिला होता. शैला उठली नाही. पारा उतरू लागला, तेव्हा तिने नवा रकाना आखला आणि तो उतरतानाचे आकडेही, मिनिटामिनिटाला, लिहायला घेतले.