अण्णा कोणाकडं बघत होते

पुंजाराम अण्णा मीटिंगमध्ये बोलत नसत, बघत. पिशोरहून शहरात आलेल्या लोकांचं आमचं मंडळ, त्याचे ते तहहयात अध्यक्ष. हर्सूलला मंडळाची जागा, तिथल्या हॉलमध्ये सभा भरायची, वादावादी व्हायची, चहा यायचा, आणि शेवटी अण्णा चष्मा काढून टेबलावर ठेवायचे. मग मान हळू वळवून कोणा एकाकडं बघायचे, "बरंय" म्हणायचे आणि उठायचे. ज्याच्याकडं बघितलं त्याचा ठराव मंजूर. हात वर करणं, मतं मोजणं असले हलके प्रकार आमच्याकडं झाले नाहीत. लोकशाही असते त्या संस्थांना बिचाऱ्यांना मोजदाद करावी लागते. आमच्याकडं नजर होती.

मी या मंडळाचा सल्लागार. सल्ला कोणी मागत नाही, म्हणूनच पद टिकून आहे.

गेल्या वर्षी अण्णा गेले, आणि जाताना कोणाकडंच बघून गेले नाहीत. दवाखान्यात ते छताकडं बघत होते, आणि छत काही मंडळाचा सभासद नव्हतं. त्यामुळं खुर्चीचा प्रश्न वर्षभर लोंबकळत राहिला. शेवटी ठरलं की वर्षश्राद्धाच्या आठवड्यात पुतळा बसवायचा आणि नवा अध्यक्षही निवडायचा.

खुर्चीला दावेदार तीन होते. पहिला शिवराज, अण्णांचा सख्खा पुतण्या. मंडळाच्या जागेवर पिशोर आणि आसपासच्या गावांतल्या मुलींचं वसतिगृह चालतं. शिवराजचं म्हणणं, रस्त्याच्या तोंडावरच्या जागेत मुली ठेवणं म्हणजे देवघरात पीठ दळणं. तिथं लग्नाचं लॉन पाहिजे. मुलींची सोय तो "दुसरीकडं" करणार होता. हे दुसरीकडं कुठं, ते विचारलं की तो हात लांब करून दाखवायचा, आणि हात दर वेळी वेगळ्या दिशेला जायचा.

दुसरे बद्रीनाथराव, उपाध्यक्ष. त्यांना जागेचं काही करायचं नव्हतं. त्यांना फक्त "उप" काढायचं होतं.

तिसरी अपेक्षा, अण्णांची सून. वसतिगृहाची कल्पना तिची, ते चालवतेही तीच. भाजी निवडण्यापासून मुलींच्या बापांची समजूत घालण्यापर्यंत सगळं. तिला खुर्चीची हौस नव्हती. पण शिवराज बसला तर परीक्षेच्या तोंडावर मुलींना ट्रंका घेऊन निघावं लागणार, आणि त्यातल्या बऱ्याच जणी थेट गावाकडं आणि तिथून थेट बोहल्यावर जाणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

पुतळ्याचं काम शहागंजच्या करीमभाईंकडं होतं. त्यांनी मातीत अण्णा घडवले, मंडळानं मिशी दोनदा दुरुस्त करायला लावली, मग मातीवरून प्लास्टरचा साचा काढला. या साच्यात ओतून पुतळा व्हायचा. पण करीमभाईंच्या गल्लीत ऊन पाहुण्यासारखं येतं, चहा होईपर्यंतही थांबत नाही. साचा वाळेना. म्हणून त्यांनी साच्याची पुढची, चेहऱ्याची बाजू रिक्षात घालून हर्सूलला आणली, वसतिगृहाच्या व्हरांड्यात भिंतीला टेकवून ठेवली आणि निघून गेले.

तिथून सगळं सुरू झालं.

शिवराज संध्याकाळी माझ्या घरी आला. आवाज खाली घेऊन बोलला, जे तो एरवी लायब्ररीतही करत नाही. म्हणाला, पुतळा आलाय, पांढरा शुभ्र, आणि मी अंगणातून चाललो तर काकांनी मान वळवली. मी पुढं गेलो, मान पुढं. मी मागं आलो, मान मागं.

"नाना, काका मह्याकडं बघत हुते. शेवटपर्यंत."

मी म्हटलं, बघितलं असेल, घरातलाच माणूस.

दुसऱ्या दिवशी सकाळी बद्रीनाथराव आले. त्यांचीही तीच हकीकत, फक्त त्यांच्या हकीकतीत अण्णांच्या डोळ्यांत पाणी होतं. दुपारपर्यंत आणखी दोन सभासदांनी येऊन मला हेच गुपित सांगितलं. प्रत्येकाची अट एकच: शिवराजला सांगू नका.

शेवटी मी स्वतः गेलो. मी आयुष्यभर लोकांच्या अंधश्रद्धेवर खुसखुशीत लिहिलेला माणूस. फाटकातून आत शिरलो, व्हरांड्याकडं बघितलं, आणि अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी लिंबाच्या झाडाकडं सरकलो. अण्णाही सरकले. चेहरा संथ, खात्रीनं वळला. गेल्या सभेला मी डुलकी काढली होती, ती त्यांना कळली असावी असा तो भाव होता. मी शर्टाचं वरचं बटण लावलं.

व्हरांड्यात अपेक्षा मेथी निवडत बसली होती. तिनं माझं बटण बघितलं आणि हसली.

"तुमच्याकडं बी बघितलं का नाना? या, जवळ या."

जवळ गेलो. आणखी जवळ. हाताच्या अंतरावर आलो आणि अण्णांचा चेहरा एकदम आत गेला. नाक म्हणजे खड्डा, गाल म्हणजे खोलगट वाट्या, मिशी म्हणजे खाच. पुतळा नव्हताच, नुसता पोकळ साचा होता, आतून बाहेर उलटा. मी मागं सरकलो. चार पावलांवर नाक पुन्हा टच्चकन बाहेर आलं. पुन्हा पुढं गेलो; खड्डा. मागं आलो, नाक. बराच वेळ मी ही कवायत केली. वरच्या खिडकीतून दोन मुली बघत होत्या, त्यांनी सभ्यपणे तोंडं आत घेतली.

अपेक्षानं कॉलेजात मानसशास्त्र घेतलं होतं. तिनं मेथीची जुडी हलवत मला समजावलं. डोळा नुसता कच्चा माल आणतो, म्हणाली. उजेड कुठं, सावली कुठं, एवढंच. त्याचा अर्थ मेंदू लावतो, आणि मेंदू जुन्या अनुभवावर चालतो. जन्मल्यापासून त्यानं हजारो चेहरे बघितलेत आणि एकाचंही नाक आत गेलेलं नाही. तेव्हा समोर पोकळ चेहरा आला की तो सरळ ठरवून टाकतो, सावल्यांचंच काहीतरी चुकलंय, नाक बाहेरच आहे. एकदा नाक बाहेर धरलं की पुढचं आपोआप येतं. आपण चालतो तेव्हा पोकळ वस्तू उलट्या बाजूनं उघडत जाते. बाहेर आलेला चेहरा असा फक्त एकाच वेळी दिसेल, तो स्वतः वळत असेल तेव्हा. म्हणून मेंदू म्हणतो, वळला.

मला हे लगेच पटलं, कारण आमचं मंडळ असंच चालतं. अहवाल येण्याआधी ठराव मंजूर, आणि अहवाल विरोधात गेला तर अहवालाची दुरुस्ती.

"पण आता मला कळलंय," मी म्हटलं, "तरी बाहेरच दिसतंय."

"मला बी," ती म्हणाली. "कळणारा वेगळा आणि बघणारा वेगळा. बघणारा कळणाऱ्याला इचारत नाय."

मग तिनं खरी काळजी सांगितली. सभासदांत बोलणं चाललं होतं की मतदान कशाला, अण्णांनी शिवराजकडं बघितलंय, रक्ताचा आहे, देऊन टाकू. तिला हे मुलींकडून कळलं होतं. वसतिगृहात बातमी सभेच्या आधी पोचते.

मी माझं काम केलं, म्हणजे सल्ला दिला: सगळ्यांना बोलावून हे शास्त्र सांगून टाक. तिनं ऐकलं. सल्लागाराच्या कारकिर्दीतलं ते माझं पहिलं यश, आणि ते सपशेल पडलं. सभासद जमले. करीमभाई आले, त्यांनी साच्यात बोट घालून दाखवलं. बोट अण्णांच्या नाकात शिरलं आणि नाहीसं झालं. लांबून बघणाऱ्यांना ते अण्णांचा अवमान वाटला. बद्रीनाथरावांनी करीमभाईंना विचारलं, तुम्हाला तरी आत दिसतं का?

करीमभाई प्रामाणिक माणूस. "मैं तो रोज बनाता, साब. मेरेकू भी बाहरइच दिखता."

झालं. शिवराज उभा राहिला. वहिनीच सांगतेय की काका वळलेले दिसतात, म्हणाला, आता तर सायन्सनं बी मान्य केलं. लोकांनी माना डोलावल्या. अपेक्षानं वाद घातला नाही. तिनं एवढंच विचारलं की सभेच्या दिवशी साचा हॉलमध्ये ठेवला तर चालेल का, अण्णांच्या साक्षीनं होऊ दे. शिवराजला यात तिची शरणागती दिसली. त्याचाही मेंदू जुन्या अनुभवावरच चालत होता.

सभेच्या दिवशी साचा अध्यक्षांच्या टेबलावर, मागं पांढरी चादर. खुर्च्या मात्र रांगेत नव्हत्या. अपेक्षानं त्या अर्धगोल मांडल्या होत्या, टेबलापासून चांगल्या लांब. एका टोकाला शिवराज, दुसऱ्या टोकाला बद्रीनाथराव, अधेमधे आम्ही. अण्णांच्या पत्नी द्वारकाबाई मधोमध, पदर सावरून. त्याही सभासद, पण आजवर कधी तोंड उघडलं नव्हतं.

अपेक्षा साच्याच्या बाजूला उभी राहिली.

"आपली रीत मोडायची नाय," ती म्हणाली. "अण्णा ज्याच्याकडं बघतात तो अध्यक्ष. ज्याला वाटतं अण्णा मह्याकडं बघून राहिले, त्यानं हात वर करावा. फक्त खरं सांगावं. अण्णांसमोर आहात."

शिवराजचा हात तिचं वाक्य संपायच्या आत वर गेला. मग बद्रीनाथरावांचा. त्यांनी एकमेकांकडं बघितलं, आणि मला जन्मात प्रथमच दोन माणसं एकाच वेळी एकमेकांना खोटारडं समजताना दिसली. मग कोपऱ्यातल्या सोमनाथरावांचा हात गेला, चोरून, डोकं खाजवल्यासारखा. मग शेजारच्याचा. शपथच घातल्यावर काय करणार, माझाही गेला. चहाचा ट्रे घेऊन दारात उभी राहिलेली सायली, पहिल्या वर्षाची मुलगी, तिचेही डोळे साच्याला खिळले होते. ट्रे नसता तर तिनंही हात केला असता.

हॉलमध्ये सगळे अध्यक्ष होते. सभासद कोणी उरला नव्हता.

एकच हात खाली होता. द्वारकाबाईंचा.

"काकू," शिवराज म्हणाला, "तुमच्याकडं नाय बघत काका?"

"बघतात की," द्वारकाबाई म्हणाल्या. "पर त्यांच्या बघण्याचं मला नका सांगू. चष्मा काढला की त्यांना माणूस वळखू यायचा नाय. मोठं घड्याळ तेवढं दिसायचं, इथं बसून तेच बघायचे. पिशोरला परतायची गाडी चुकंल म्हणून लई धास्ती त्यांना. वेळ झाली की बरंय म्हणायचे अन् उठायचे."

मग सगळ्यांच्या माना एकदम वळल्या, यावेळी खरोखर, भिंतीवरच्या मोठ्या पांढऱ्या घड्याळाकडं. ते आतल्या दारावर आहे. त्याआधी ते खिडकीच्या वर होतं, रंग दिला तेव्हा हललं. खिडकीखालची खुर्ची वर्षानुवर्षं बद्रीनाथरावांची. त्या काळात त्यांचे सगळे ठराव मंजूर झाले, आणि रंग दिल्यापासून एकही झाला नाही. ते स्वतः याचा दोष ग्रहांना देत आले होते. आता ते घड्याळाकडं अशा नजरेनं बघत होते की मीच मान खाली घातली.

शिवराज हुशार आहे. तो सगळ्यात आधी सावरला.

"म्हंजी वसतिगृह बी घड्याळानंच दिलं," तो म्हणाला. "वहिनी त्या दारात चहा घेऊन उभी हुती. तवाच बोलली ती, अन् काका बरंय म्हणले. तो ठराव बी खोटाच मग."

हे खरं होतं. आम्हा सगळ्यांना आठवत होतं. मला वाटलं, संपलं.

अपेक्षानं साचा दोन्ही हातांनी उचलला आणि पालथा केला. मागून ते नुसतं प्लास्टरचं ओबडधोबड ढेकूळ होतं, करीमभाईंच्या बोटांचे ठसे उमटलेलं.

"व्हय, भाऊजी," ती म्हणाली. "दिलं घड्याळानं. पण चालवलं ते घड्याळानं नाय. आता अण्णा कोणाकडंच बघत नायत. तुम्ही सगळ्यांनी तोंडानं नाव घ्या."

आमच्या मंडळात आजवर कोणी तोंडानं नाव घेतलं नव्हतं. घसे खाकरले गेले. एकानं पाणी मागितलं. सुरुवात द्वारकाबाईंनी केली. त्या सुनेकडं न बघता म्हणाल्या, अपेक्षा. आणि पुढं एवढंच म्हणाल्या की मुलींना भूक लागली असेल, लवकर आटपा. मग सोमनाथरावांनी नाव घेतलं, त्यांची भाची वरच्या मजल्यावर राहते. मग मी. मग एकेक जण. बद्रीनाथरावांनी बराच वेळ घेतला, घड्याळाकडं बघितलं आणि "अपेक्षा" म्हणाले. त्या आवाजात अपेक्षावरच्या प्रेमापेक्षा घड्याळावरचा राग जास्त होता, पण मत मत असतं. शिवराजला एक मत पडलं. ते कोणाचं हे मी सांगणार नाही. मतदान तोंडी होतं, सगळ्यांनी ऐकलंच आहे.

त्याच आठवड्यात पुतळा तयार होऊन आला, अंगणात चौथऱ्यावर बसला. सुबक काम, मिशी अगदी बरोबर. उद्घाटनाला सगळे जमले, आणि पडदा सरकल्यावर हळूहळू चेहरे पडले. सोमनाथराव डावीकडून उजवीकडं चालून आले, पुन्हा परत गेले. पुतळा समोरच्या पाण्याच्या टाकीकडं बघत होता आणि बघतच राहिला.

"ह्यो नाय बघत," ते कुरकुरले. "ह्यात दम नाय."

दोन दिवसांत मंडळाचा ठराव आला, तोंडी, नावानिशी, रीतसर: साचा करीमभाईंकडून मागून घ्यावा आणि वसतिगृहाच्या जिन्यात टांगावा. नव्या अध्यक्षांनी तो मंजूर केला. आता मुली वर जाताना अण्णा प्रत्येकीकडं बघतात. त्या सगळ्यांना साचा पोकळ आहे हे पाठ आहे. त्यातल्या एकीला त्यावर परीक्षेत प्रश्नही आला. तरी जिन्यात ओढणी सारखी होते आणि मोबाइल पिशवीत जातो.

शिवराज सभेला नियमित येतो. हॉलमधून जिना दिसतो, म्हणून तो खुर्ची फिरवून, जिन्याकडं पाठ करून बसतो. मी एकदा विचारलं, तर म्हणाला, मला माहितेय नाना, ते आत गेलेलं हाय. मग आवाज खाली घेऊन त्यानं विचारलं की अजून बघतात का.

मी जिन्याकडं बघितलं, वरचं बटण लावलं, आणि म्हटलं, माझ्याकडं बघतायत.