वाढतं माप

मी एक जुना स्वेटर आहे. जुना म्हटल्यावर कोपरांवर विरलेलं, गळ्याशी ओघळलेलं काहीतरी तुमच्या डोळ्यांसमोर आलं असेल. तसा मी नाही. मित्रांनो, मी वापरून जुना झालो नाही, वाट बघून जुना झालो. नुसतं पिशवीत पडून कोणी थकतं का, असं तुम्ही विचाराल. थकतं. कामाने येतो त्याहून वाईट थकवा येतो.

माझं अंग डाळिंबी आहे आणि बाह्या राखाडी आहेत. बघणाऱ्याला ती फॅशन वाटते. वाटू द्या.

सुरुवातीला मी लोकरीच्या दुकानातल्या फळीवर गुंड्यांच्या रूपात बसलेलो होतो. एका संध्याकाळी एक बाई आपल्या लहान मुलीला घेऊन आली. बाई औषधांच्या दुकानात काउंटरवर काम करायची. दिवसभर उभं राहून तिचे पाय सुजलेले असत, म्हणून आल्याआल्या तिने स्टूल मागून घेतलं. मुलगी मात्र एका जागी ठरेना. घरात तिला भिंगरीच म्हणत. भिंगरीने सगळ्या फळ्यांवर बोट फिरवलं आणि माझ्यावर आणून टेकवलं. हाच रंग, दुसरा नको. बाईने तिच्या मापापुरते गुंडे घेतले आणि वर एक सुयांची जोडी घेतली.

भिंगरी त्या बाईला आई म्हणे, तेव्हा मीही आईच म्हणतो. आईचं म्हणणं साधं होतं. मुलीचे कपडे तयार आणलेले, खेळणी तयार आणलेली, आजारपणात तिच्याजवळ बसायचं तर तेही आजीने केलेलं. एकदा तरी आपल्या हातचं काहीतरी तिच्या अंगावर चढावं, एवढीच तिची इच्छा होती. हे तिने नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो बूट काढत होता. तो लिफ्ट दुरुस्त करायचा आणि कुठे ना कुठे अडकलेल्या माणसांना सोडवून दमून यायचा. बाजारात तयार मिळतात की, असं तो म्हणाला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण अशी वाक्यं लोकरीत गाठीसारखी बसतात.

माप घ्यायच्या दिवशी भिंगरीला खिडकीत उभं केलं. आजी, म्हणजे आईच्या सासूबाई, शेजारी पलंगावर बसून बघत होत्या. आईने टेप छातीला अगदी नेमका धरला तेव्हा त्यांनी टोकलं.

"वाढतं माप घे गं. पोरं दुधासारखी उतू जातात."

वाढतं माप म्हणजे आज आहे त्याहून चार बोटं जास्त. तुमच्याही घरी गणवेश शिवताना कोणीतरी हे म्हटलं असेल आणि तुम्ही वर्षभर लोंबत्या बाह्या घालून शाळेत गेला असाल. आईलाही तेच आठवलं. महिन्याभरात तर होईल, उगाच गबाळा कशाला दिसायला हवा, असं म्हणून तिने नेमक्या मापाचे टाके घातले. तिची चूक झाली ती इथे. तिने मुलीचं माप बरोबर घेतलं, स्वतःच्या वेळेचं माप घ्यायचं विसरली.

नव्याचे नऊ दिवस फार छान गेले. बॉर्डर झाली, पाठ वर चढू लागली. भिंगरी शाळेतून आली की हात लावून बघायची. मग दुकानात एक बाई रजेवर गेली आणि आईची सुट्टीची वेळ पुढे गेली. मग पाहुणे आले. मग परीक्षा आल्या. दोन हात आणि दहा कामं, त्यात माझा नंबर अकरावा. मला एका कापडी पिशवीत घालून दारामागच्या खिळ्यावर टांगलं. आई रोज ती पिशवी दुकानात न्यायची, जेवणाच्या सुट्टीत दोन ओळी घालीन म्हणायची. त्या सुट्टीत ती बिलं लावायची, नाहीतर भिंतीला डोकं टेकून डोळे मिटायची. संध्याकाळी माझ्यावर भाजी आणि आजींच्या गोळ्या ठेवून पिशवी परत यायची. मी त्या शहरातले सगळे रस्ते पाहिले मित्रांनो, पण भाजीखालून.

ज्याचा निकाल लागत नाही त्या कामाला माणसं भिजत घोंगडं म्हणतात. मी तर घोंगड्याच्याच जातीचा. मला ही म्हण कशी लागत असेल, विचार करा.

माझी पाठ आणि अर्धा पुढचा भाग झाला तेव्हा भिंगरीच्या अंगाला लावून बघितलं. खांदे बाहेर. पोट उघडं. आईने शांतपणे मला उसवलं. उसवलेली लोकर सरळ राहत नाही, तिला टाक्यांच्या वळ्या पडलेल्या असतात. मग तिची लडी करून ती कोमट पाण्यात भिजवतात आणि खाली वजन बांधून वाळत टाकतात. माझ्या पायाला तिने कुलूप बांधलं होतं. त्या वर्षी भिंगरीला बाजारातून स्वेटर आणला गेला. या वर्षापुरता, असं आई म्हणाली.

या वर्षापुरता हे शब्द मी पुढे बऱ्याच हिवाळ्यांत ऐकले.

दुसऱ्या वेळी आईने आणखी गुंडे आणले आणि वाढतं माप घेतलं, सहा बोटं. आता कितीही उशीर झाला तरी चालेल अशा हिशेबाने. पाठ पूर्ण झाली त्याच सुमारास आजी न्हाणीघरात पडल्या आणि मांडीचं हाड मोडलं. आईच्या संध्याकाळी अंथरूण बदलण्यात आणि पाणी तापवण्यात जाऊ लागल्या. एके दिवशी आजींचे गुडघे गार पडले म्हणून आईने हाताला लागलं ते उचललं, आणि ती माझी पाठ होती. ती आजींच्या गुडघ्यांवर टाकली. बाह्या नाहीत, गळा नाही, सुई अजून टाक्यांत अडकलेली, पण मी ऊब दिली. आजी माझ्यावर हात फिरवत बसायच्या. हात किती एकसारखा आहे हिचा, असं त्या एकदा लेकाला म्हणाल्या. आई तेव्हा स्वयंपाकघरात होती आणि कुकरच्या शिट्टीत तिला ते ऐकू गेलं नाही. मला फार वाईट वाटलं. कौतुक झालं होतं आणि ते पोहोचवायला मला तोंड नव्हतं.

आजी त्या आजारातून उठल्या नाहीत. मला धुऊन पुन्हा पिशवीत ठेवलं. पुढे आईने पिशवी उघडली तेव्हा भिंगरी तिच्या खांद्याला लागली होती. सहा बोटंसुद्धा पुरली नाहीत. आणि रंगही तिला आता आवडत नव्हता. डाळिंबी काय आई, मैत्रिणी हसतील, असं ती म्हणाली आणि फोनकडे वळली. त्या वयाला असंच बोलतात, तिच्यावर माझा राग नाही. आईने पिशवीचे बंद बांधले आणि ती कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली. तिथे मी किती दिवस होतो ते सांगत नाही. डांबरगोळ्यांचा वास माझ्यात मुरला, एवढं सांगतो.

मग एके दिवशी कपाट उघडलं. भिंगरीला दूरच्या थंड गावी कॉलेजात प्रवेश मिळाला होता. वसतिगृहात राहायचं होतं. घरात बॅगा आल्या, बादली आली, उशी आली. आईने मला उतरवलं, उसवलं, धुतलं आणि मोठ्या मापाचे टाके घातले. आता नाही तर कधीच नाही, हे तिला कळलं होतं आणि मलाही. ती बसमध्ये विणू लागली, गिऱ्हाईक नसेल तेव्हा काउंटरखाली विणू लागली. दुकानाचा मालक एकदा म्हणाला की बाई, गोळ्या चुकतील. ते बरोबरच होतं, म्हणून तिने तिथे विणणं थांबवलं आणि झोपेचा वेळ कापला. थकलेला हात घट्ट चालतो. पाठ सैल हाताने झाली होती, पुढचा भाग आवळत गेला. टाके तेवढेच, ओळी तेवढ्याच, पण एक भाग दुसऱ्यापेक्षा लहान. आणि पहिल्या बाहीला लोकर संपली. आई लोकरीच्या दुकानात धावली. तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळत होती.

निघण्याच्या आधीच्या रविवारी दुपारी भिंगरी स्वयंपाकघरात आली. आई खुर्चीत बसल्याबसल्या झोपली होती. मी तिच्या मांडीवर होतो आणि एका सुईवरून टाके घसरत होते. भिंगरीने सुई अलगद काढून घेतली. तिने मला उलटसुलट करून बघितलं. सैल पाठ, घट्ट पोट, कोपरापर्यंतची बाही. मग ती खाली फरशीवर बसली आणि आई जागी होईपर्यंत बसून राहिली.

डोळे उघडल्यावर आईने आधी मला शोधलं. होईल गं, परवापर्यंत होईल, असं ती म्हणू लागली. भिंगरीने मान हलवली.

"आई, मी वाढत राहते आणि तू उसवत राहतेस. आता बास."

आईचा चेहरा पडला. इतक्या वर्षांचं मागणं एका वाक्यात संपलं असं तिला वाटलं. मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू. पण भिंगरीने शिवणाच्या डब्यातून टेप काढला आणि आईला उठवून खिडकीत उभं केलं.

"तू तर आता वाढत नाहीस ना? मग तुझ्याच मापाचा विण."

आईचं माप यापूर्वी कोणी घेतलं असेल तर ते तिच्या लग्नाच्या वेळी. हात वर कर म्हटल्यावर ती अवघडली. टेप छातीभोवती फिरला, खांद्यांवरून गेला, आणि भिंगरीने आकडा पुन्हा वाचला. आई किती बारीक झाली आहे हे तिला आकड्यांतून कळलं. आई सवयीने म्हणाली, वाढतं माप धर. भिंगरीला हसू आलं. तू कुठे वाढणार आहेस, असं ती म्हणाली खरी, पण टेप दोन बोटं सैल धरला.

भिंगरी गेली. बॅगेत बाजारातला स्वेटर होता, या वर्षापुरता. बस सुटल्यावर आई घरी आली आणि तिने मला तिसऱ्यांदा, म्हणजे शेवटचं, उसवलं.

यापुढे सगळं सुरळीत झालं असं समजू नका. स्वतःसाठी विणायला बसणं हे तिला भिंगरीसाठी विणण्यापेक्षा अवघड गेलं. दोन ओळी झाल्या की उठायची, काहीतरी राहिलंय म्हणायची. रविवारी फोन यायचा आणि भिंगरी विचारायची, किती झालं? आई थाप मारायची. मग भिंगरीने बाबांना फोन द्यायला लावला आणि त्यांच्याशी बराच वेळ बोलली. काय बोलली ते मला ठाऊक नाही. पण दुसऱ्या दिवसापासून तो माणूस कामावरून आला की संध्याकाळचा चहा स्वतः करू लागला. पहिले काही दिवस तो चहा इतका वाईट होता की आईला उठावंसं वाटायचं. ती उठली नाही. चहा होऊन कप धुवून होईपर्यंतचा वेळ माझा, असं ठरलं. फार नाही, पण रोज. हात हळूहळू सैल पडला. अंगापुरती डाळिंबी लोकर पुरली, बाह्यांना राखाडी आणावी लागली. नवऱ्यानेच आणली, गिऱ्हाइकाकडून येताना, रंग चुकेल या भीतीने तीन छटांचा एकेक गुंडा.

थंडी ओसरता ओसरता मी पुरा झालो. आईने मला घातलं, आरशात बघितलं आणि लगेच काढून घडी घातली. दुसऱ्या सकाळी मात्र दुकानात घालून गेली.

पुढच्या हिवाळ्यात भिंगरी सुट्टीवर आली. पहाटेच्या बसने आली, कुडकुडत. दारामागच्या खिळ्यावर, जिथे पूर्वी पिशवी असायची, तिथे मी टांगलेलो होतो. तिने काही न विचारता मला ओढून अंगात घातलं, जशा सगळ्या मुली आईच्या वस्तू घेतात. बाह्या मनगटाच्या वर राहिल्या. पण खांदे बसले, त्या दोन बोटांमुळे. ती तशीच टेबलाशी बसून चहा पिऊ लागली.

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि दारातच थांबली. तिच्या हातचं काहीतरी त्या मुलीच्या अंगावर होतं. तिने बराच वेळ बघितलं. डोळे पुसले की चष्मा, ते मला समजलं नाही. मग ती जवळ आली, माझा गळा भिंगरीच्या मानेशी नीट केला आणि म्हणाली,

"आज असू दे. जाताना मात्र काढून ठेव. माझा आहे तो."

एवढीच माझी गोष्ट. मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी पिशवी टांगलेली असेल, अर्धी विणलेली, अर्धी शिवलेली. किती झालं, असं विचारण्याआधी ती विणणाऱ्याच्या हातातलं एक काम तुम्ही काढून घ्या. चहा वाईट झाला तरी चालतो. आणि माप घ्याल तेव्हा अंगाचंच घेऊ नका, त्या माणसाला मोकळा वेळ किती मिळतो त्याचंही घ्या.

आता मला पडू द्या. सकाळी आईबरोबर दुकानात जायचं आहे. माझ्या उजव्या कोपराशी लोकर जराशी विरायला लागली आहे. मी अजूनही थकतो, पण आता वापरून थकतो.