मंत्र्यांच्या बाजूची बाई

दर शुक्रवारी संध्याकाळी मंत्री टीव्हीवरून जनतेशी बोलायचे, आणि त्यांच्या डाव्या खांद्यापासून हातभर अंतरावर दुभाषीबाई उभ्या असायच्या. मंत्री तोंडाने बोलायचे, बाई हातांनी. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी ही सोय. बाईंना काळे कपडे घालावे लागत, म्हणजे हात उठून दिसतात. बाईंचं म्हणणं असं की या माणसाशेजारी उभं राहायला दुसरा रंग शोभलाही नसता.

कारण बाई होत्या नव्या पक्षाच्या, अगदी हाडाच्या. मंत्री जुन्या पक्षाचे. जुनं ते सगळं चांगलं होतं, ते कुणीतरी बिघडवलं आणि ते कुणीतरी म्हणजे बहुतेक बायका, अशी त्या पक्षाची साधारण भूमिका होती. शुक्रवारी घरी परतल्या की बाई चपला काढायच्या आतच सुरू व्हायच्या.

"वाट्टेल ते बोलायचं, आणि दुसऱ्या दिवशी 'मी असं म्हणालोच नाही' म्हणून हात वर करायचे! या लोकांना कुणी जाब विचारणार आहे की नाही?"

नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावरून आलेला असायचा. तो म्हणायचा, "मग सोड की ते काम."

"मी सोडलं तर तिथे त्यांचाच कुणीतरी येऊन उभा राहील."

यावर नवरा पान वाढून घ्यायचा.

खुणांची भाषा बाई कुठल्या वर्गात शिकल्या नव्हत्या. थोरला भाऊ लहानपणीच्या तापात बहिरा झाला, आणि घरात बोलायला शिकण्याआधी बाई त्याच्याशी हातांनी बोलायला लागल्या. खुणांच्या भाषेत प्रत्येकाला एक नावाची खूण असते. दादाने बहिणीला दिलेली खूण म्हणजे नुसती करंगळी वर करायची. बाईंचे केस पांढरे झाले तरी दादासाठी त्या करंगळीच होत्या.

दादा सुतार. दारं-खिडक्या करायचा, आणि त्याच्या हाताखालून गेलेलं दार कधी कुरकुरलं नाही असा त्याचा लौकिक होता. कुरकुरलं असतं तरी ते त्याला कळलं नसतं, असं तो स्वतःच सांगून हसायचा. बाईंचा दादावर फार जीव. त्यात एकच गोष्ट घशात अडकायची. दादा मंत्र्यांचा भक्त होता.

"मुद्द्याचं बोलतो हा माणूस," दादा हातांनी सांगायचा. मंत्र्यांची खूण म्हणून तो केसांचा भांग पाडल्यासारखं करायचा. "सुरुवात कळते, शेवट कळतो. नाहीतर तुमचा पुढारी. काय बोलतो, कशासाठी बोलतो, पत्ता लागत नाही."

नव्या पक्षाच्या पुढाऱ्याचा दुभाषी निराळा होता. निम्मं भाषण होईपर्यंत त्याचे हात खिशात असायचे. बाई हे दादाला सांगून थकल्या होत्या. दुसरी बाजू मात्र त्यांच्या कधी डोक्यातच आली नव्हती. मंत्र्यांचं वाक्य एकदा घराबाहेर पडलं की परत येईलच याचा भरवसा नसे. कर्ता एका दिशेला, क्रियापद दुसऱ्या, मध्येच खोकला, मग "ते काय म्हणतात त्याला" आणि मग भलताच विषय. बाईंना अर्धवट काम बघवत नसे. मंत्र्यांनी रस्त्यात टाकून दिलेलं वाक्य त्या उचलायच्या, झटकायच्या आणि नीट करून पुढे ठेवायच्या. ऐकणाऱ्यांना मंत्री अगम्य वाटायचे. न ऐकणाऱ्यांना ते राज्यातले सर्वांत स्वच्छ वक्ते वाटत होते.

असं चाललं असताना एका शुक्रवारी मंत्री कुटुंबव्यवस्थेवर बोलायला उभे राहिले. बोलता बोलता म्हणाले, "आता जी बाई, म्हणजे दिवेलागण झाल्यावर, कामं असतात, मान्य आहे, पण बाहेर… तिच्या घराला घर म्हणायचं की लॉज, ते काय म्हणतात त्याला, तुम्हीच ठरवा."

त्या वेळी दिवेलागण होऊन गेली होती, आणि बाई घराबाहेर काम करत होत्या. त्यांच्या कानांनी ते वाक्य ऐकलं. हातांनी मात्र नेहमीचं काम केलं. तुकडे गोळा केले आणि दाखवलं: संध्याकाळी कामावर असणाऱ्या बायकांच्या सुरक्षिततेचा विचार प्रत्येक घराने करायला हवा. स्वच्छ, सुटसुटीत. हात खाली आल्यावर बाईंच्या लक्षात आलं, पण तोवर मंत्री रस्त्यांवरच्या खड्ड्यांकडे वळले होते.

त्या रात्रीपासून गहजब उडाला. नव्या पक्षाने मोर्चा काढला. नर्सेस, फोनवर उत्तरं देणाऱ्या मुली, दुकानात उभ्या राहणाऱ्या बायका, सगळ्या रस्त्यावर आल्या. शनिवारी बाईसुद्धा मोर्चात गेल्या. "शब्द मागे घ्या" असा फलक धरून चालल्या, आणि घसा बसेपर्यंत ओरडल्या. घसा बसला तर त्यांच्या धंद्यात काही बिघडत नसे.

सोमवारी मंत्र्यांचे प्रसिद्धी सचिव कॅमेऱ्यांसमोर आले. दोन्ही हातांत एकेक फोन असलेले, बारीक, शांत गृहस्थ.

"माननीय मंत्री असं बोललेच नाहीत," ते म्हणाले. "ते थोडे भरभर बोलतात, त्यामुळे ऐकणाऱ्यांचा गैरसमज झाला. पुरावा तुमच्याच चित्रफितीत आहे. शेजारच्या बाईंकडे बघा. सरकारी दुभाषी आहेत. त्यांनी काय दाखवलं? बायकांची सुरक्षितता. त्या मंत्र्यांच्या सर्वांत जवळ उभ्या होत्या. त्यांना ऐकू आलं नाही, ते तुम्हाला ऐकू आलं?"

बाईंनी हे स्वयंपाकघरात उभ्या उभ्या पाहिलं. हातातलं पातेलं त्यांनी ओट्यावर ठेवलं, मग पुन्हा उचललं, मग पुन्हा ठेवलं.

"तू त्यांना वाचवलंस," नवरा म्हणाला. त्याला टोमणा मारायचा नव्हता. लिफ्ट अडकली आहे, हे तो ज्या सुरात सांगायचा, त्याच सुरात त्याने ते सांगितलं.

मंगळवारी त्याहून वाईट झालं. एका वाहिनीने ऐकू न येणाऱ्या चार-पाच प्रेक्षकांना बोलावलं, आणि त्यात दादा होता. केसांत लाकडाचा भुसा, अंगात ठेवणीतला शर्ट. काय दिसलं, असं विचारल्यावर त्याने शांतपणे सांगितलं, "मंत्री सुरक्षिततेबद्दल बोलले. दाखवणारी माझी सख्खी बहीण आहे. तिचे हात खोटं बोलत नाहीत." आणि करंगळी वर करून तो कॅमेऱ्याकडे बघून हसला.

बाई तशाच उठल्या आणि दादाच्या कारखान्यात गेल्या. तो वाहिनीवरून परतून एका चौकटीला रंधा मारत होता. बहिणीला बघून त्याने रंधा खाली ठेवला.

"बघितलंस मला?"

"बघितलं. दादा, तो तसं बोलला नव्हता."

"कसं?"

"मी दाखवलं तसं. ते माझं होतं."

दादाला पटकन समजलं नाही. बाईंनी पुन्हा सांगितलं. तेव्हा दादाने डोळे मिटून घेतले. ऐकू येणारा माणूस भांडणात पाठ फिरवतो, दार आपटतो. दादाला एवढंच पुरायचं. डोळे मिटले की जगात कुणी बोलत नसे. बाई भुशात उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले.

"दाखव. जसं आहे तसं. खोकल्यासकट."

बाईंनी मोबाइलवर भाषण लावलं आणि पहिल्यांदाच मंत्री जसेच्या तसे हातांवर घेतले. वाक्य सुटलं तर सुटू दिलं. हात हवेत लटकले तर लटकू दिले. कुटुंब म्हणजे, म्हणजे आपण, पूर्वी काय होतं, ते काय म्हणतात त्याला. दादा आधी बघत राहिला, मग त्याला हसू फुटलं.

"हा असा बोलतो?"

"असाच."

मग ते वाक्य आलं. बाईंनी दोन तळवे टेकवून घराचं छप्पर केलं, आणि त्याच्याखाली कुणीही यावं, कुणीही जावं, अशी खूण केली. लॉजसाठी तीच खूण होती. दादाचं हसू तिथेच थांबलं. त्याची मुलगी डोळ्यांच्या दवाखान्यात संध्याकाळच्या पाळीला होती. ती घरी यायची तेव्हा दादा फाटकाशी दिवा लावून बसलेला असायचा.

"मी तुला सांगत आले ना, की माणूस वाईट आहे," बाई म्हणाल्या.

"ते तुझं मत. तुझं मत मला कधी नको होतं का? रोज ऐकलं. पण त्याचं तोंड तू मला दिलं नाहीस." दादाचे हात आता जोरात चालत होते, एकमेकांवर आपटत होते. "एवढी वर्षं मला तो आवडत होता. म्हणजे तूच आवडत होतीस! तुला मी रोज बघतो, करंगळी. मला तो बघायचा होता."

"मी मुद्दाम नाही केलं, दादा."

"रंधा मी पण सवयीने मारतो," दादा म्हणाला. "पण चौकट कमी झाली तर पैसे परत देतो."

आणि त्याने पुन्हा डोळे मिटले. बाई घरी आल्या.

पुढच्या शुक्रवारी त्या नेहमीसारख्या काळे कपडे घालून उभ्या राहिल्या. सचिवांनी आल्या आल्या त्यांना खुर्ची दिली, पाणी विचारलं. इतक्या वर्षांत त्यांना कुणी तिथे पाणी विचारलं नव्हतं.

मंत्री खुशीत होते. बोलायला लागले आणि त्या दिवशी नेमकी त्यांची वाक्यं सरळ येत होती. "मी काय बोललो ते माझ्याकडून ऐकूच नका. माझ्या शेजारी या बाई उभ्या आहेत. यांना विचारा!"

बाईंनी तेही हातांनी दाखवलं: यांना विचारा. मात्र या वेळी त्यांचे हात खाली आले नाहीत.

"विचारा म्हणालात, म्हणून सांगते," त्या म्हणाल्या. तोंडाने आणि हातांनी एकदमच. "मागच्या शुक्रवारी हे म्हणाले, की दिवेलागण झाल्यावर बाहेर काम करणाऱ्या बाईच्या घराला घर म्हणायचं की लॉज, ते तुम्हीच ठरवा. सुरक्षिततेचं वाक्य यांचं नाही. ते माझं होतं. मी चूक केली, तिचा जाब मला विचारा. यांच्या वाक्याचा यांना."

सचिवांचा एक फोन थरथरायला लागला. मंत्र्यांनी बाईंकडे पाहिलं, मग कॅमेऱ्याकडे, आणि ते हसले.

"पाहिलंत? बाई स्वतःच सांगताहेत की त्या चुकतात. मग आज त्या बरोबर आहेत हे कशावरून?"

मंत्री बोलले होते, तेव्हा बाईंनी हात उचलले आणि ते वाक्य दाखवलं. अगदी बरोबर दाखवलं, हसण्यासकट.

चौकशी झाली. बाईंवर आरोप एकच होता, चुकीचा अनुवाद केल्याचा. तो त्यांनी मान्य केला, कारण तो खरा होता. शुक्रवारचं काम गेलं. मंत्र्यांवर काहीच आरोप नव्हता. थोड्या महिन्यांनी त्यांच्याकडे क्रीडा खातं आलं, आणि ते खेळाडूंशी बोलू लागले. नव्या पक्षाचे लोक फुलं घेऊन बाईंच्या घरी आले. सभेत त्यांना पुढाऱ्याशेजारी बसवलं, आणि "यांनी मंत्र्यांचा खोटेपणा उघडा पाडला" अशी ओळख करून दिली. बाई उठून म्हणाल्या, "आधी तो मीच झाकला होता." टाळ्या जेमतेम वाजल्या. पुन्हा त्यांना कुणी बोलावलं नाही. नंतर त्यांनी न्यायालयात आणि दवाखान्यांत दुभाष्याचं काम धरलं. तिथे अर्धवट वाक्य अर्धवटच दाखवायचं असतं.

दादा कितीतरी दिवस आला नाही. वहिनी येऊन जायची. "अजून धुमसतोय," ती सांगायची, "पण टीव्हीवरच्या नव्या दुभाष्याला बघून शिव्या घालतो."

निवडणुकीच्या तोंडावर एका रविवारी दुपारी दादा दारात उभा राहिला. आत आला, बसला, चहा घेतला.

"दोघांचीही भाषणं दाखव," तो म्हणाला. "तुझं मत मध्ये घालू नकोस."

मंत्र्यांचं भाषण सोपं गेलं. मग बाईंनी आपल्या पुढाऱ्याचं लावलं. हे त्यांनी सभेत समोर बसून ऐकलं होतं. तेव्हा जे खणखणीत वाटलं होतं ते हातांवर घेतल्यावर लांबच लांब, पोकळ निघालं. प्रश्न हा प्रश्न नसून खरा प्रश्न आहे, असं बराच वेळ चाललं. दादा जांभई दाबत होता. मग पुढारी गरजला, "हे सरकार बहिरं आहे! आणि बहिऱ्यांच्या डोक्यात अक्कल शिरत नाही, मित्रांनो!" मोबाइलमधून टाळ्यांचा कडकडाट झाला.

त्या टाळ्यांत बाईंच्याही टाळ्या होत्या. तेव्हा त्यांना काहीच खटकलं नव्हतं.

त्यांचे हात क्षणभर मांडीवर राहिले. बहिऱ्याऐवजी दुसरं काहीही दाखवता आलं असतं. आंधळं, आडमुठं, झोपलेलं. दादाला कळलं नसतं. तो समोर बसून वाट बघत होता. बाईंनी कानाशी बोट नेलं, मग कपाळाशी, आणि वाक्य होतं तसं दाखवलं.

दादाने ते नीट पाहिलं.

"टाळ्या पडल्या?"

"खूप."

"तू होतीस तिथे?"

"होते. वाजवल्या."

दादाने कप बशीत ठेवला. डोळे मात्र मिटले नाहीत. "बरं झालं दाखवलंस," तो म्हणाला, आणि उरलेलं भाषण पुढे लाव म्हणून त्याने मोबाइलकडे बोट केलं.

सोमवारी बाईंनी नव्या पक्षाच्या कार्यालयात जाऊन पुढाऱ्याला माफी मागायला सांगितली. तिथल्या तरुण चिटणिसाने त्यांना अगदी आदराने समजावलं की साहेबांना तसं म्हणायचं नव्हतं, आणि निवडणूक तोंडावर असताना आपल्याच माणसांनी असं करू नये. बाई बाकावर बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशीही जाऊन बसल्या. माफी आली नाही, पण पुढच्या सभेत सरकार नुसतं झोपलेलं होतं.

मतदानाला बहीण-भाऊ बरोबर गेले. रांग लांब होती. दादा आत गेला आणि बराच वेळ बाहेर येईना. बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. कुणाला दिलंस, हे त्यांच्या हातांच्या टोकाशी आलं होतं. त्यांनी हात मागे बांधून घेतले.

दादा बाहेर आला. त्याने बहिणीच्या बांधलेल्या हातांकडे पाहिलं, आणि काही सांगायचं आहे अशा चेहऱ्याने जवळ आला.

"आतलं दार खाली घासतंय," तो म्हणाला. "बिजागरी चुकीची बसवलीय."